खाडीकाठची सायकल आणि कुलपाची किल्ली

वाचकहो, आपल्या घराच्या पडवीत एखादी जुनी सायकल भिंतीला टेकून उभी आहे का? तिच्या चाकांतील हवा गेली आहे, साखळीवर गंज चढला आहे, आणि तिचा मालक रोज तिच्या शेजारून जाताना तिच्याकडे पाहत नाही, असे दृश्य आपल्या परिचयाचे असेल, तर पुढील मजकूर आपण अवश्य वाचावा. आपण त्या सायकलीचे मालक असाल किंवा ती चालवू नका असे सांगणारे त्यांचे अपत्य असाल. या लेखाचा संबंध दोघांशीही आहे. मी दुसऱ्या पक्षातील. आमच्या घरच्या सायकलीला कुलूप मीच लावले होते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीच्या उत्तर तीरावर नाटे हे आमचे गाव आहे. खाडीच्या मुखाकडे मुसाकाजी बंदर आणि त्यापलीकडे समुद्रात डोकावणारा आंबोळगड. अलीकडे साखरी नाटे येथील मच्छीमारांच्या होड्यांची गर्दी. आणि पाण्यावर नजर ठेवून बसलेला, जांभ्या दगडाचा यशवंतगड. पलीकडच्या तीरावर जैतापूर. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते याच परिसरातील शाळांत शिक्षक होते. तीस वर्षांहून अधिक काळ ते सायकलने शाळेत गेले. येथे चढ असे की, आपण सायकलवर बसलो त्यापेक्षा सायकलच आपल्याला धरून अधिक चालली, असे ते गमतीने सांगतात.

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, अण्णा सायकलवरून पडले. अधिक अचूक सांगायचे तर सायकल थांबलेली असताना पडले. बाजारातून परतताना कुणीतरी हाक मारली, अण्णांनी ब्रेक दाबला, उजवा पाय दांड्यावरून मागे टाकताना टाच कॅरिअरवर बांधलेल्या पिशवीला अडकली, आणि उतरत्या कडेच्या सैल मुरमावर डावा पाय निसटला. डाव्या मनगटाचे हाड मोडले. मी पुण्याहून आलो, प्लास्टर पाहिले, आणि परत निघताना सायकल पडवीच्या खांबाला साखळीने बांधून किल्ली खिशात घालून घेऊन गेलो. अण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांच्या त्या गप्प राहण्याला मी संमती समजलो.

गणपतीला पुन्हा घरी गेलो, तेव्हा हात बरा झाला होता. अण्णा मात्र बरे नव्हते. अंगणातून पडवीत येणाऱ्या तीन पायऱ्या चढताना त्यांनी खांबाचा आधार घेतला. आरतीला उभे राहिले ते भिंतीला टेकून. बोलता बोलता कळले की साखरी नाट्याच्या धक्क्यावर ते वैशाखापासून गेलेच नव्हते. पूर्वी रोज सकाळी होड्या परतण्याच्या वेळी तेथे एक फेरी असे. मासळी घेणे हे निमित्त. बोलणे हा हेतू. आता मासळी दारावर येत होती आणि बोलणे थांबले होते. आई हळूच म्हणाली, “दिवसभर खुर्चीत बसून असतात. तुला फोनवर सांगतात, बरं आहे.”

आपण ज्याला ‘जपणे’ म्हणतो त्याची शरीर काय किंमत मोजते, हे वैद्यकशास्त्राने नेमके मोजलेले आहे. निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना केवळ दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलेल्या एका अमेरिकी अभ्यासात त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू घटले होते. अण्णा अंथरुणावर नव्हते, खुर्चीत होते. पण चार महिने होते. तरुणपणी गेलेले बळ तुलनेने लवकर परत येते. सत्तरीनंतर ते परत आणावे लागते, आणि त्याला महिने लागतात. बळ गेले की तोल जातो, तोल गेला की भीती वाढते, भीती वाढली की हालचाल आणखी घटते. पडू नये म्हणून बसवलेला माणूस अशा रीतीने घरातल्या घरात पडण्यास अधिक पात्र होतो.

तपासणीसाठी राजापूरला गेलो, तेव्हा तेथील डॉक्टरांनी अण्णांना खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितले. दुसऱ्या प्रयत्नात जमले. मग एका पायावर उभे राहायला सांगितले. मनातल्या मनात चार मोजेपर्यंत पाय खाली आला. डॉक्टरांनी विचारले, “घरात काय काम करता?” अण्णा उत्तरले, “पेपर वाचतो.” आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “सायकल होती. तिला कुलूप आहे.”

त्या दिवशी डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या, त्या तशाच आपल्यापुढे ठेवतो. पहिली अशी की, उभ्या उंचीवरून पडून ज्याचे हाड मोडते त्याच्या हाडांची घनता तपासली पाहिजे, मग तो पुरुष का असेना. अस्थिभंगुरता हा केवळ बायकांचा विकार, हा आपल्याकडचा समज अनेक पुरुषांना उपचारावाचून ठेवतो. दुसरी अशी की, सायकलने हृदय, फुप्फुसे आणि मांड्या यांना उत्तम व्यायाम मिळतो, गुडघ्यांवर देहाचा भार पडत नाही, म्हणून संधिवाताच्या रुग्णालाही ती बहुधा सोसते. परंतु भार पडत नाही म्हणूनच ती हाडे बळकट करीत नाही. हाडांसाठी चालणे, पायऱ्या चढणे, वजन उचलणे हे वेगळे करावेच लागते. आणि तिसरी गोष्ट त्यांनी मला उद्देशून सांगितली. ती मी येथे लिहीत नाही. आपण ओळखली असेल.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटांचा मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. आणि पासष्टीपुढील मंडळींसाठी तोल व बळ वाढवणारे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस, असे त्यात खास जोडले आहे. मध्यम श्रम कसे ओळखावे? श्वास वाढतो, पण सोबत्याशी बोलता येते. गाणे म्हणू लागलात तर मात्र दम पुरत नाही. ही कसोटी घड्याळातील नाडीच्या आकड्यापेक्षा आपल्या वयाला अधिक उपयोगी आहे. कारण रक्तदाब किंवा हृदयासाठी घेतलेल्या काही गोळ्या नाडीचा वेग मुळातच बांधून ठेवतात, आणि मग तो आकडा श्रमाची खरी कल्पना देत नाही.

आता थोडे दूर जाऊ. माझी पुतणी फ्रान्समधील तुलूज येथे शिकते. कार्तिकात तिने आजोबांना काही छायाचित्रे पाठवली: हिरव्या पाण्याचा संथ कालवा, दोन्ही काठांवर झाडांच्या रांगा, आणि पाण्यालगतच्या वाटेवर सायकली चालवणारी पिकल्या केसांची स्त्री-पुरुष मंडळी. तो ‘कनाल द्यू मिदी’. पिएर-पॉल रिके या माणसाच्या कल्पनेतून आणि जिद्दीतून 1666 ते 1681 या काळात तो खोदला गेला. तुलूजपासून भूमध्य समुद्राकाठच्या खाजणापर्यंत त्याची लांबी सुमारे 240 किलोमीटर आहे. वाटेत कारकासोन हे तटबंदीचे मध्ययुगीन नगर लागते. बेझिए गावाजवळ पाण्याचा जिनाच आहे: एकापुढे एक अशा आठ कोठ्यांतून नाव सुमारे साडेएकवीस मीटर उंच चढते किंवा उतरते. 1996 साली युनेस्कोने या कालव्याला जागतिक वारशाचा मान दिला. काठावरच्या चिनारांच्या सावलीसाठी तो जितका प्रसिद्ध, तितकाच आता त्या झाडांच्या रोगासाठीही चिंतेचा विषय झाला आहे; बुरशीने हजारो झाडे तोडावी लागली आणि त्यांच्या जागी दुसरी लावली जात आहेत.

अण्णांनी छायाचित्रे लांब धरून, मग जवळ धरून पाहिली. मी वाट पाहत होतो ती ‘छान आहे’ची. ते म्हणाले, “ही वाट एवढी सपाट कशी रे?” आणि माझे उत्तर येण्यापूर्वी स्वतःच म्हणाले, “नाव ओढायला घोडे लागत असतील. घोडा चालेल तशी वाट. पाणी सपाट, म्हणून वाट सपाट.” भूगोलाचा शिक्षक निवृत्त होतो, भूगोल होत नाही. तर्क अगदी बरोबर होता. त्या वाटा नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठीच केलेल्या. घोडे गेले, वाटा उरल्या, आणि आज त्यांवर म्हातारी माणसे निश्चिंतपणे सायकली चालवतात.

मग आमच्या खाडीला तशी वाट का नाही, हा प्रश्न ओघानेच आला. कारण येथे नाव ओढावी लागत नसे. समुद्राची भरतीच तिला आत आणी. गलबते जैतापूरला येत, मचवे भरतीच्या पाण्यावर थेट राजापूरपर्यंत जात. ओहोटीबरोबर परत फिरत. या जलमार्गासाठीच इंग्रजांनी सतराव्या शतकात राजापुरास वखार घातली, जी 1661 साली शिवाजी महाराजांनी लुटली. पुढे त्याच शतकात फ्रेंचांचीही वखार तेथे आली. म्हणजे तिकडे रिकेचे मजूर कालवा खणत होते, त्याच सुमारास त्यांचे देशबांधव आमच्या खाडीतून भरतीची वाट पाहत राजापूरला जात होते. अण्णांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती दुसऱ्या दिवशी दारावर आलेल्या मासळीवालीलाही सांगितली.

कालव्याने त्या देशात माणसांना सपाट वाट दिली. खाडीने आम्हाला दिली नाही. आमचा रस्ता डोंगराचा पाय ओलांडत, चढत-उतरत जातो. म्हणून छायाचित्रे पाहून ‘आपल्याकडे हे शक्य नाही’ असे म्हणणे सोपे होते. पण अण्णा म्हणाले, “सपाट आहे की. वर आहे.” त्यांचा हात सड्याच्या दिशेला गेला होता.

पुतणीने आणखी एका माणसाची माहिती पाठवली होती. रॉबेर मार्शां हा फ्रेंच गृहस्थ 1911 साली जन्मला. तरुणपणी सायकलीची आवड, मग आयुष्यभर कष्टाची कामे, आणि सदुसष्टीच्या सुमारास पुन्हा सायकल. शंभराव्या वर्षी त्याने एका तासात 24 किलोमीटरहून थोडे अधिक अंतर तोडले. एकशे दोनाव्या वर्षी, 2014 साली, जवळजवळ 27 किलोमीटर! दोन वेळांच्या मध्ये त्याने शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली व्यायामाची पद्धत बदलली होती: बराच वेळ हलके चालवणे आणि थोडा वेळ जोर लावणे. त्याच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता शंभरीनंतर वाढली, हे मोजून सिद्ध झाले. 2017 साली, एकशे पाचाव्या वर्षी, त्याने 22.5 किलोमीटर केले, आणि फलक दिसला नाही म्हणून अखेरची मिनिटे वेगाने मारता आली नाहीत, अशी तक्रार केली. 2021 साली तो वारला. मी हे उदाहरण अनुकरणासाठी देत नाही. त्याची देणगी दुर्मिळ होती. परंतु ‘या वयात आता काय सुधारणार’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी मला त्याची आठवण होते.

मी किल्ली परत आणली. मात्र लगेच रस्त्यावर जायचे नाही, असे अण्णांनीच ठरवले. रत्नागिरीच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी दीड महिन्याचा पाठ आखून दिला. ओट्याला हात धरून टाचा उचलणे, खुर्चीतून उठ-बस, दाराच्या चौकटीला बोट लावून एका पायावर उभे राहणे, मग बोट काढून उभे राहणे. पाण्याने भरलेल्या बाटल्या हातांत घेऊन पायरी चढ-उतर. हे काम कंटाळवाणे आहे, आणि त्याचे कौतुक कुणी करीत नाही. पण सायकलचा खरा आरंभ तेथे झाला. मार्गशीर्षात अण्णा एका पायावर बारा मोजेपर्यंत उभे राहू लागले.

सायकलही बदलली. जुन्या सायकलीचा आडवा दांडा हाच अपघाताचा मूळ धनी होता. वृद्ध सायकलस्वार वेगात पडतात त्यापेक्षा चढताना-उतरताना अधिक पडतात, हे ध्यानात ठेवावे. आम्ही बिनदांड्याची, जिला आपण सर्रास ‘लेडीज सायकल’ म्हणतो, ती घेतली. अण्णांचा पहिला प्रश्न, “गाव काय म्हणेल?” आईने उत्तर दिले, “प्लास्टरपेक्षा बरं म्हणेल.” आणखी एक बारीक गोष्ट सीटच्या उंचीची. भीतीपोटी आपण सीट खाली घेतो, दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत म्हणून. पण फार खाली बसले की गुडघा प्रत्येक फेरीत अतिशय दुमडतो आणि वाटीमागे दुखू लागते. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला उरावा, ही योग्य उंची. तोवर आत्मविश्वास नसेल तर सुरुवातीला सीट खाली ठेवावी, आणि आठवड्याला बोटभर वर न्यावी. आम्ही तसेच केले. रुंद, मऊ सीट आरामाची वाटते, परंतु दर दहा-पंधरा मिनिटांनी उतरून उभे राहणे हाच बधिरपणावरचा खरा उपाय आहे, विशेषतः प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना.

शाळेच्या रिकाम्या मैदानावर आठ दिवस केवळ एकच सराव चालला: दहा पावले चालवणे, पूर्ण थांबणे, पाय टेकणे, उतरणे. हाक ऐकू आली तर? आधी थांबायचे, उतरायचे, मग मान वळवायची. मी मुद्दाम मागून हाका मारीत असे. दोनदा अण्णा चुकले आणि दोनदा माझ्यावर चिडले.

विजेच्या साहाय्याने चालणाऱ्या सायकलीचा विचार आम्ही केला होता. 250 वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरची वेगमर्यादा असलेल्या अशा सायकलीला आपल्याकडे नोंदणी लागत नाही, आणि कोकणातल्या चढावर ती मोठे साहाय्य करते. परंतु तिचे वजन साध्या सायकलीहून बरेच अधिक असते, कलली तर सावरत नाही, आणि सुरू होताना झटका देते. ज्यांचा तोल पक्का पण दम अपुरा, त्यांनी ती जरूर पाहावी. अण्णांची अडचण उलट होती.

औषधांविषयी काळजीवाहकांनी थोडे सावध असावे. रक्तदाबाच्या गोळीने अचानक उभे राहताना चक्कर येत असेल, तर उतरल्यावर दोन क्षण हॅण्डल धरून उभे राहावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. घाम, कंप, बोलण्यात गोंधळ दिसला की प्रथम थांबावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना कोकणच्या दमट हवेत पाणी लवकर कमी पडते. वृद्धपणी तहानेची जाणीवच मंद होते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट प्यावे, आणि हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टरांनी आखलेल्या मर्यादेत प्यावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तीचे डोके आपटले, तर ती कितीही ठणठणीत दिसत असली तरी त्याच दिवशी, त्याच तासात रुग्णालय गाठावे. हेल्मेट अर्थातच. छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हातात कळ, अनपेक्षित धाप यांना ‘गॅस’ म्हणू नये.

पौषात पहिली फेरी झाली. सूर्य पुरता वर आल्यावर निघालो, कारण मोतीबिंदूच्या डोळ्यांना पहाटेचा अंधूक उजेड आणि समोरच्या गाडीचे दिवे दोन्ही घातक. आणि ऊन तापण्यापूर्वी परतायचे ठरवले. अण्णा पुढे, मी मागे. यशवंतगडाच्या पायथ्याशी थांबलो. गडाच्या वाटेवरचा जांभा पावसाळ्यात शेवाळाने काचेसारखा होतो. पौषात तो कोरडा असला तरी उंच-सखल असतोच. अण्णा वर चढले नाहीत. खालूनच त्यांनी तट दाखवला, खाडीचे वळण दाखवले, येथून जैतापूरकडे येणारे प्रत्येक गलबत कसे टप्प्यात येई ते सांगितले. 1818 साली हा गड आणि आंबोळगड दोन्ही इंग्रजांच्या हाती गेले. मग साखरी नाट्याचा धक्का. होड्या लागल्या होत्या, बर्फ फुटत होता. कुणीतरी ओरडले, “गुरुजी आले!” अण्णांनी आधी ब्रेक दाबला, पाय टेकले, उतरले, सायकल स्टँडवर लावली, आणि मग मान वळवली.

माघात मुसाकाजीपर्यंत मजल गेली. आता तेथे शांतता असते. पण मुंबई–गोवा आगबोट एके काळी या बंदरावर थांबे. लहानपणी पडावात बसून आगबोटीपर्यंत गेल्याची, लाटेत वर-खाली होणाऱ्या पडावातून शिडी पकडण्याची आठवण अण्णांनी मला पूर्वी कधी सांगितली नव्हती. पन्नास वर्षांपूर्वी मी विचारले असते तर कदाचित सांगितली असती. परतीचा चढ त्यांनी सायकल ढकलत काढला, तीनदा थांबून. मीही ढकलत होतो, आणि मला चारदा थांबावेसे वाटले.

आणि मग सडा. अण्णांचा ‘वर आहे’ हा शब्द खरा करायचा तर चढ वगळायला हवा होता. आम्ही दोन्ही सायकली एका टेम्पोत टाकल्या, आडिवऱ्यास महाकालीचे दर्शन घेतले, आणि कशेळीच्या सड्यावर त्या उतरवल्या. येथे जांभ्याचे पठार दूरवर पसरते. आंब्याच्या बागा, पिवळे गवत, वर मोकळे आकाश, आणि रस्ता बऱ्यापैकी सपाट. फ्रान्सने घोड्यासाठी केलेली वाट कोकणाला निसर्गाने डोंगराच्या माथ्यावर दिली आहे. फक्त तेथे वाहनाने जाण्याची लाज वाटता कामा नये. सावली मात्र नाही. नऊनंतर हा कातळ तव्यासारखा होतो.

याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोरलेली चित्रे आहेत. कोकणातील अशी कातळशिल्पे 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांत राजापूर तालुक्यातील बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे ही गावे आहेत आणि कशेळीही. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे, आणि त्याच्या देहाच्या रेषांत इतर अनेक प्राणी सामावले आहेत. जमिनीवरून पाहताना तो एकदम दिसत नाही. कडेने चालत, रेषा जुळवत तो मनात पुरा करावा लागतो. अण्णांनी काठी घेतली, माझा दंड धरला, आणि कडेकडेने पूर्ण फेरी मारली. जवळच कनकादित्याचे मंदिर. सूर्याची उपासना करणारी मंदिरे आपल्याकडे थोडी. या देवस्थानाचा ताम्रपट शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळचा, शके 1113 म्हणजे 1191 सालचा आहे. देवळाच्या सावलीत आम्ही डबा उघडला.

ज्यांना पायडल मारणे आता शक्यच नाही, त्यांचे काय, हे आपण विचारणार. कोपनहेगनच्या ओले कासो यांनी 2012 साली पुढे आसन असलेली तीनचाकी सायकल भाड्याने घेऊन वृद्धाश्रमातील रहिवाशांना फिरवायला सुरुवात केली. ती चळवळ आज अनेक देशांत पोहोचली आहे. आपल्याकडे तशी सायकल नसेल, पण ओळखीचा रिक्षावाला असतो. त्याला ‘हळू ने, आणि धक्क्यावर थांब’ एवढेच सांगावे लागते. आणखी एक नवलाची गोष्ट पार्किन्सनच्या रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी: नेदरलँडमधील डॉक्टरांनी 2010 साली एका अशा रुग्णाची नोंद केली, ज्याचे पाय चालताना जमिनीला खिळत, पण सायकल मात्र तो सहज चालवी. प्रत्येकाचे तसे होत नाही, आणि रस्त्यावर त्याचा प्रयोग करू नये. घरातील स्थिर सायकलीविषयी आपल्या डॉक्टरांना विचारणे मात्र योग्य.

यंदा वेत्याच्या किनाऱ्यावर कासवांची पिले समुद्रात सोडतात, ते पाहायला जायचे अण्णांच्या मनात आहे. मी नकाशा पाहून म्हणालो, “वाटेत चढ आहे.” अण्णा म्हणाले, “असू दे, उतरू.” किल्ली आता पडवीतल्या खिळ्याला लटकते. पुण्यास निघताना मी दारात सवयीने खिसा चाचपला, तेव्हा आई हसली.